चाळिसावी नळी

वरदा नदीकाठच्या काळ्या रानात मागळगट्टी नावाचं गाव आहे. गावाला दोन टोकं. वरच्या टोकाला गौडांची आळी, खालच्या टोकाला दलितांची वस्ती, केरी, आणि मधोमध शाळा. या दोन टोकांमधली वाट हुलिगेव्वाइतकी दुसऱ्या कुणी तुडवली नसेल. सकाळी केरीतल्या घरून निघायचं, गुलाबी साडीचा पदर खोचायचा, काखेत आशाताईची वही, खांद्याला औषधांची पिशवी, आणि चालू लागायचं. कुठं दिवस गेलेली सून, कुठं तान्हं बाळ, कुठं रक्तदाबाचा म्हातारा. बारा वर्षं हेच चाललं होतं. तिचं पाऊल ओळखून वरच्या आळीतली कुत्रीसुद्धा मान वर करायची नाहीत.

तिच्या आधी ही वाट तिच्या सासूची होती. दुरगव्वा सुईण होती. गौडांच्या घरची कितीतरी बाळं पहिल्यांदा तिच्याच तळव्यांवर रडली. तिला मागच्या दारानं बोलवायचे, तिनं त्याचं कधी काही म्हटलं नाही. तिचा आपला एक नेम होता. उंबऱ्याबाहेर थांबून ती कडुनिंबाचा पाला घातलेलं कढत पाणी मागायची आणि सगळ्यांच्या देखत कोपरापर्यंत हात धुवायची. बाळंतीण आत ओरडत असली तरी धुवायची. कुणी घाई केली तर म्हणायची, “माझ्या हातांवर माझाच भरवसा नाही, तुम्ही कसा ठेवता ग?”

सासू गेली. हुलिगेव्वाकडे हातांऐवजी वही आली. आणि वहीवर तिचा फार जीव जडला. सातवी शिकलेली बाई, पण अक्षर असं की दवाखान्यातल्या कारकुनानं दुसऱ्या आशांना दाखवावं. तिच्या वहीत एकही रकाना रिकामा नसायचा. लस कुणाची राहिली, गोळ्या कुणाच्या संपल्या, सगळं भरलेलं. तालुक्याच्या गावी मोठ्या सभेत तिला एकदा शाल, नारळ आणि काचेत बसवलेला कागद मिळाला होता. तो कागद तिनं दारासमोरच्या भिंतीवर असा लावला की घरात येणाऱ्याची नजर आधी त्यावर जावी.

मग ती साथ आली. पहिल्या वर्षी गावानं ती लांबून ऐकली. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती घराघरांत शिरली. गौडांच्या घरचे अज्जा, चन्नवीरगौडा, मे महिन्यात गेले. जिल्ह्याच्या दवाखान्यातून परत आली ती नुसती गुंडाळी. तोंड पाहायला मिळालं नाही. अज्जांची नात भूमिका बारा वर्षांची. लहानपणापासून अज्जांच्या शेजारी झोपायची, त्यांच्या पानसुपारीच्या पेटीवर तिचाच हक्क. ती त्या गुंडाळीकडे बघत उभी होती, तेव्हा तिला कुणी मागं ओढायचंही विसरलं.

जुलैत साथ ओसरली आणि डॉक्टरमॅडमनी दहा गावांच्या आशांना बोलावलं. त्या तरुण होत्या, बोलताना हात हलवायच्या.

“मुलांना हा रोग होऊन जातो आणि घरात कुणाला कळतही नाही,” त्या म्हणाल्या. “पण रोग गेला तरी रक्तात त्याची पावलं राहतात. त्याला अँटिबॉडी म्हणायचं. किती मुलांच्या रक्तात ती पावलं आहेत, तेवढं आपल्याला मोजायचंय. सहा ते सतरा वर्षांची मुलं. प्रत्येक गावात चिठ्ठ्या काढून चाळीस मुलं ठरलीत. ज्याचं नाव निघालं त्याचंच रक्त. शेजारच्याचं चालणार नाही, आणि भावाचं तर नाहीच नाही.”

मागून एका आशानं विचारलं, “आणि घरच्यांनी नाही म्हटलं तर, मॅडम?”

“तर ‘नाही म्हटलं’ असं लिहायचं. रक्त पुरेसं आलं नाही तर ‘आलं नाही’ लिहायचं. रकाना रिकामा राहिला तर मी कुणाला बोलणार नाही. मला रिकामा रकाना चालेल, चुकीचा चालणार नाही.”

हुलिगेव्वानं हे ऐकलं. नंतर तिला कधीच असं म्हणता आलं नाही की मी ऐकलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी शाळेत दोन टेबलं मांडली. हुलिगेव्वा घरोघर जाऊन पोरं आणत होती आणि प्रत्येकाच्या हातात नावाची चिठ्ठी देत होती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, सुई टोचायची, नळी भरली की तिच्यावर आकडा चिकटवायचा आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. काही पोरं रडली, काही हसली. कुरबर-धनगरांचा एक पोरगा सुई बघूनच आडवा झाला आणि सगळी शाळा हसली.

भूमिकाचं नाव चिठ्ठीत निघालं होतं. तिची आई नीलम्मा तिला घेऊन आली. पोरीची शीर केसासारखी बारीक. पहिल्या टेबलावरच्या माणसानं एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं, तेव्हा कुठं नळीच्या तळाशी चार थेंब आले.

“एवढ्यानं होत नाही,” तो हलक्या आवाजात हुलिगेव्वाला म्हणाला. “घरी नेऊन पाणी पाजा, जेवू घाला आणि दुपारी आणा. मी दुसऱ्या गावाला चाललो, ही दुसऱ्या टेबलावरची मुलगी थांबेल.”

नीलम्माला ते ऐकू गेलं नाही. तिला वाटलं, झालं. ती पोरीच्या दंडावर कापूस दाबून घेऊन गेली.

दुपारी हुलिगेव्वा परत गौडांच्या दारात उभी राहिली. अज्जी, गुरुबसव्वा, ओसरीवर शेंगा फोडत होत्या. कपाळावर विभूती, हात मातीनं काळे.

“पुन्हा कशाला आलीस, हुलिगे?”

“अज्जी, भूमिकाला जरा शाळेपर्यंत...”

“दोनदा टोचलंत ना? दंड बघ तिचा, जांभळासारखा झालाय. तुमच्या दवाखान्यानं माझा माणूस पोत्यात घालून पाठवला. आता लेकरू मागतेस? चल, नीघ इथून.”

हुलिगेव्वा निघाली. वाटेत तिनं कागद उघडला. एकोणचाळीस नावांपुढं बरोबरची खूण. तिसाव्या, भूमिकाच्या नावापुढं काहीच नाही. दहा गावांत कुणाचीच चाळीस भरणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिची भरत आली होती. त्या रिकाम्या रकान्याकडे ती बघत राहिली, आणि तिचे पाय आपोआप केरीकडे वळले.

तिची मुलगी कावेरी चुलीपुढं रोट्या थापत होती. ती आणि भूमिका एकाच वर्गात, एकाच उंचीच्या.

“हात धू आणि चल. मास्क लाव,” हुलिगेव्वा म्हणाली. “तिथं नाव विचारलं तर भूमिका सांगायचं. भूमिका शिवनगौडा.”

“का, अव्वा?”

“रक्त देऊन यायचं. एवढंच.”

“आणि भूमिकाला कळलं तर?”

“कळून काय होतंय? रक्त ते रक्त. तिथं आकडा लावतात, नाव कोण बघतंय!”

दुसऱ्या टेबलावरच्या मुलीनं चिठ्ठी बघितली आणि विचारलं, “नाव काय ग तुझं?” कावेरीनं आईकडे बघितलं आणि मास्कच्या आतून सांगितलं, “भूमिका.” नळी पहिल्याच टोचणीला भरली. चाळिसावी नळी बर्फाच्या पेटीत गेली. संध्याकाळी डॉक्टरमॅडम कागद बघून म्हणाल्या, “चाळीसच्या चाळीस? कमाल आहे हुलिगेव्वा तुमची.” त्या रात्री ती पडल्या पडल्या झोपली. मनाला काही टोचलं नाही. पुढं लाज वाटली ती या गोष्टीचीच सगळ्यात जास्त.

तीन आठवडे गेले. भूमिकाचे वडील शिवनगौडा लशीची दुसरी सुई घ्यायला दवाखान्यात गेले, तेव्हा कारकुनानं त्यांच्या हातात लेकीच्या नावाचं पाकीट दिलं. एरवी असले कागद हुलिगेव्वाच्या हातून जायचे. हा गेला नाही. तिला कळलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात ती अज्जींच्या साखरेच्या दुखण्याच्या गोळ्या द्यायला गेली. ओसरीवर घरची माणसं जेवत होती. भूमिका पंगतीत नव्हती. ती गोठ्याच्या दारात पोत्यावर बसली होती, पुढ्यात निराळं ताट. हाताच्या बोटांची सालं निघालेली, सांध्यांवर चिरा पडलेल्या.

“हे काय झालं ग हातांना?”

उत्तर नीलम्मानं दिलं, तेही पदर तोंडावर धरून. “धुण्याच्या सोड्यानं धुते, अक्का. दिवसात वीस वेळा, तीस वेळा. झोपत नाही. त्या दिवसापासून अज्जी तिच्या हातचं पाणी घेत नाहीत.”

“कुठल्या दिवसापासून?”

“कागद आला ना. तिच्या रक्तात निघालं. एप्रिलात ती माझ्या भावाच्या लग्नाला आली होती माझ्याबरोबर. आल्या रात्री अज्जांच्या कुशीत झोपली. पंधरा दिवसांत अज्जा...”

ओसरीवरून अज्जी गरजल्या, “काय कुजबुजताय? सांग की तिला. तूच नेलं होतंस ना ग रक्त द्यायला? बरं केलंस. घरात कुणी आणलं ते कळलं तरी.”

हुलिगेव्वाच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि तेवढा वेळ तिला तोंड लपवता आलं.

भूमिका हळूच म्हणाली, “अक्का, रक्तात पावलं असतात ना? शाळेत मॅडम म्हणाल्या होत्या.”

“असतात.”

“मग ती माझ्याकडून अज्जांकडे गेली का?”

हुलिगेव्वाला सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण ओसरीवर सात माणसं बसली होती, शिवनगौडा होते, शेताचा गडी होता. ती एवढंच म्हणाली, “असं नसतं बाळा, जेव तू,” आणि गोळ्या उंबऱ्यावर ठेवून निघाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या वाटेनं खाली मान घालून चालली. मागून कुणी हाक मारील म्हणून पाय उचलत होती, आणि कुणीच हाक मारली नाही.

घरी कावेरी सागरगोटे खेळत होती. हुलिगेव्वानं तिचा दंड धरला आणि कोपराच्या आतली, सुई टोचलेली जागा बघितली. खूण केव्हाच गेली होती. तेव्हा तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट उतरली. त्या कागदावर भूमिकाच्या रक्तातलं काहीच नव्हतं. निघालं होतं ते कावेरीच्या. कावेरी तर उन्हाळाभर केरीतून बाहेर पडली नव्हती. मग तिच्याकडे कोण घेऊन आलं?

एप्रिलचे शेवटचे दिवस होते. तिला स्वतःला दोन दिवस ताप होता. अंग ठणकत होतं, रोटीला चव लागत नव्हती. पिशवीतल्याच तापाच्या गोळ्या तिनं खाल्ल्या. तपासून घेतलं असतं तर चौदा दिवस घरात बसावं लागलं असतं, आणि वहीत चौदा दिवस रिकामे राहिले असते. तिनं मास्क घट्ट बांधला आणि वाटेला लागली. त्या दोन्ही दिवशी ती गौडांच्या घरी गेली होती. अज्जांचं बोट हातात धरून त्यावर प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं होतं. अज्जा म्हणाले होते, “तुझे हात कढत लागतात ग, पोरी.” ती म्हणाली होती, “उन्हातून आले ना, अज्जा.”

भिंतीवरचा काचेतला कागद समोरच होता. ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

सकाळी ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरमॅडमसमोर उभ्या उभ्या सगळं बोलली. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यांनी मागळगट्टीचा कागद काढला, तिसाव्या नावापुढची खूण खोडली आणि पेन खाली ठेवला.

“मी सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं.”

“एकोणचाळीस चांगली होती, हुलिगेव्वा. एकोणचाळीसला कुणी हसलं नसतं.” त्यांनी डोळ्यांवर हात फिरवला. “मी जिल्ह्याला कळवते. पुढच्या सर्व्हेत तुम्ही नाही. आणि त्या घरी दुरुस्तीचं पत्र जाईल, पण त्याला महिना लागेल.”

“महिनाभरात त्या पोरीच्या हाताला कातडं राहणार नाही, मॅडम.”

“मग?”

“मी जाते.”

“आणि तापाचं?” मॅडम सावकाश बोलल्या. “ते तुमच्यामुळंच झालं असं कुणीच सांगू शकत नाही. त्या दिवसांत रोग सगळीकडे होता. मीही सांगू शकत नाही.”

“पण झालं नाही, असंही नाही ना सांगता येत?”

मॅडमनी तो कागद घडी करून खणात ठेवला.

गौडांच्या घरी पोचली तेव्हा अज्जी ओसरीवर बियाणं निवडत होत्या. नीलम्मा जात्याशी, भूमिका गोठ्याच्या दारात. हुलिगेव्वा अंगणातच उभी राहिली. पायरी चढली नाही.

“अज्जी, तो कागद भूमिकाचा नाही.”

“नाव तिचं आहे.”

“नाव तिचं, रक्त माझ्या कावेरीचं. भूमिकाचं रक्त कमी आलं होतं. तुम्ही तिला पाठवलं नाहीत. मला माझा कागद पुरा करायचा होता. मी माझ्या पोरीला तिचं नाव घ्यायला लावलं.”

जातं थांबलं. अज्जींनी सूप बाजूला सरकवलं.

“म्हणजे बारा दिवस माझ्या नातीला मी गोठ्यात बसवली ती तुझ्या पोरीच्या रक्तापायी?”

“होय.”

“तोंड वर करून बोल.”

तिला तोंड वर करता आलं नाही.

“म्हणजे रोग तुझ्या घरात होता.”

“होय, अज्जी.”

इथं थांबता आलं असतं. पुढचं कुणी विचारलं नव्हतं. शेजारची कोंबडी अंगण ओलांडून गेली.

“आणि एप्रिलात मला दोन दिवस ताप होता,” ती म्हणाली. “मी कुणाला सांगितलं नाही. तो ताप अंगात असताना मी अज्जांच्या बोटाला यंत्र लावायला आले होते. दोन्ही दिवस.”

नीलम्माच्या तोंडून बारीक आवाज निघाला. अज्जी मात्र ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर हुलिगेव्वाला बरं वाटलं असतं. त्या बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिल्या.

“तुझी सासू,” अज्जी म्हणाल्या, “माझ्या शिवन्याच्या जन्माच्या वेळी मी आत मरत होते तरी बाहेर हात धूत उभी होती. मी तिला शिव्या दिल्या. तिनं ऐकलं नाही. धुऊनच आली.” आणि मग, “तू तिचीच ना?”

हुलिगेव्वानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

गोठ्याच्या दारातून भूमिका उठली. “अक्का, मग मी नाही ना आणलं?”

‘नाही’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता. किती सोपा होता. पण खोटं लिहून झालं होतं, आता खोटं बोलायचं बळ तिच्यात नव्हतं.

“तुझं रक्त तपासलंच गेलं नाही, बाळा. तुझ्यात होतं की नव्हतं, कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. पण तू आणलंस असं म्हणणारा एकही कागद या जगात नाही. जो होता तो माझ्या लबाडीचा होता.”

पोर तिच्याकडे बघत राहिली. मग अज्जींकडे बघितलं. अज्जी सुपातलं बियाणं उगाच हलवत होत्या.

“भूमी,” त्या नातीकडे न बघता म्हणाल्या, “घसा सुकलाय. पाणी आण.”

भूमिका आत पळाली. तिनं आणलेला तांब्या अज्जींनी दोन्ही हातांनी धरला आणि सगळा रिता केला. शेवटी शेवटी पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, तरी त्या पीत होत्या. हुलिगेव्वा पाठमोरी झाली आणि अंगणाबाहेर पडली.

घरी कावेरीनं विचारलं, “अव्वा, आता तिथं माझं नाव लिहिणार?”

“नाही. खोडलं.”

“मग माझं रक्त कुणाचंच नाही?”

“ते माझ्या नावावर आहे,” हुलिगेव्वा म्हणाली, आणि भिंतीवरचा कागद उतरवून धान्याच्या कणगीमागं ठेवला.

काम गेलं नाही. गावाला दुसरी आशा कुठून मिळणार? पण वाट आता पहिल्यासारखी राहिली नाही. नळाजवळ बायका बोलायच्या थांबायच्या. एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, “आमच्या घरी काय लिहितेस ते वाचून दाखव ग, कुणाचं कुणाला लावशील!” हुलिगेव्वा वाचून दाखवायची. वहीत आता रिकामे रकाने असायचे आणि ती ते भरायची नाही.

गौडांच्या घरी गोळ्या द्यायची पाळी आली तेव्हा ती वाटेत दोनदा थांबली. पायरीशी एक बादली ठेवलेली होती. पाण्यावर कडुनिंबाचा पाला तरंगत होता, वाफ निघत होती. ओसरीवर अज्जी बसल्या होत्या.

“इथून पुढं या घरात येताना माझ्यासमोर हात धुवायचे,” अज्जी म्हणाल्या. “कोपरापर्यंत. तुझी सासू धुवायची तसे.”

“होय, अज्जी.”

“भूमे, पाणी घाल तिच्या हातावर.”

भूमिकानं तांब्या भरला. हुलिगेव्वानं पायरीखाली ओणवं होऊन हात पुढं केले. पाणी कढत होतं, ती चोळत राहिली, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपर. मान वर करायची तिची छाती होईना, म्हणून तिला दिसत होते ते फक्त तांब्या धरलेले पोरीचे हात. सांध्यांवरच्या चिरा भरून आल्या होत्या. सालं गेलेल्या जागी नवी गुलाबी कातडी आली होती, पातळ, कोवळी.

“पुरे का, अक्का?” भूमिकानं विचारलं.

“नाही,” हुलिगेव्वा म्हणाली, “अजून घाल.”